मदत हवी आहे: दशावतारात संकासुर आला की ऑटोफोकस हात टेकतो

नमस्कार मंडळी,

कार्तिकानंतर तळकोकणात जत्रा सुरू होतील. आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षीप्रमाणे दशावतार आहे आणि यंदा नाटकातल्या मंडळींना त्यांचे फोटो मोठे छापून द्यायचे मनात आहे. म्हणून फोकसचं दुखणं आधीच निस्तरायचंय.

कॅमेरा कॅनन २००डी, लेन्स ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं. देवळाच्या मांडवात ट्यूबलाइट आणि बाजूला एखादा एलईडी फ्लड, एवढाच उजेड. फ्लॅश मारणार नाही. युद्धाच्या गिरकीत नटाच्या डोळ्यांवर झोत पडलेला मला चालणार नाही. २००डीला फोकससाठी वेगळा दिवा नाही, अंगचा फ्लॅशच लुकलुकतो, त्यामुळे तोही मार्ग बंद.

मला कोडं पडलंय ते असं. आयएसओ ३२००, शटर १/१२५, एफ/१.८ ला एक्स्पोजर बरोबर येतं. त्यावरून हिशोब केला तर उजेड साडेतीन ईव्हीच्या थोडा वर भरतो (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप; आकडा जितका खाली, तितका अंधार जास्त). माहितीपत्रकाप्रमाणे व्ह्यूफाइंडरमधून मधला फोकस पॉइंट -०.५ ईव्हीपर्यंत चालतो. म्हणजे कागदावर चार स्टॉप (उजेडाच्या चार पायऱ्या) हाताशी आहेत. तरी लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहते.

राजाचा मुकुट, भरजरी अंगरखा, रंगवलेल्या मिशा यांवर फोकस झटकन बसतो. आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, संकासुर हा राक्षस आला की मात्र सगळं बिघडतं. अंगभर काळा वेश, तोंडावरही काळं कापड, त्यातून लोंबणारी लाल जीभ. कापडावर पॉइंट ठेवला की फोकस सरळ मागच्या पडद्यावर जातो. जिभेच्या कडेवर ठेवला तर लागतो, पण हा गडी एका जागी ठरतोय कुठे! माझ्या मते इथे उजेड कमी पडत नाही, कॉन्ट्रास्ट कमी पडतो. नऊ पॉइंटांत मधला एकच क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा), म्हणून तोच वापरून मग फ्रेम सरकवतो. पण एफ/१.८ ला तीन मीटरवर फोकसची खोली जेमतेम २५ सेंटिमीटर, आणि तेवढ्यात तो पाऊलभर पुढे आलेला असतो.

अशा प्रसंगी तुम्ही वन शॉट (एकदा फोकस लागला की तिथेच थांबणारा) ठेवता की एआय सर्व्हो (हलत्या पात्रामागे फिरत राहणारा)? शटरवरून फोकस काढून मागच्या बटणावर दिला तर काळ्या वेशावर खरंच फरक पडतो का? लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, ड्युअल पिक्सेल हा कॅननचा ऑटोफोकस -२ ईव्हीपर्यंत जातो आणि चेहराही ओळखतो, पण रंगवलेला, दाढीमिशा लावलेला चेहरा कुणी पकडून पाहिलाय का? शिवाय स्क्रीनचा उजेड मागे बसलेल्यांच्या डोळ्यांत जातो, त्याचं काय करता?

दुसरा विचार असा, की नेपथ्य म्हणून मंचावर एक बाकडंच असतं. त्यावर आधी हाताने फोकस लावायचा, एफ/२.८ आणि आयएसओ ६४०० करायचं आणि पात्र तिथे आलं की टिपायचं. राजाला हे जमेल, संकासुर बाकड्याजवळ थांबत नाही.

ता.क. कॅननचाच आर५० कॅमेरा घे, असं दोघांनी सुचवलं. त्याचा -४ ईव्हीचा आकडा एफ/१.२ लेन्स धरून दिलेला आहे, माझ्या लेन्सवर तो एवढा उतरणार नाही. कुणी तो देवळातल्या नाटकाला वापरला असेल तर काळ्या कपड्यावरचा अनुभव जरूर लिहा. एखादा न कापलेला फोटो दिलात तर फार बरं होईल.