चेंडू कुठे गायब होतो?

जादूच्या खेळात हात डोळ्यांपेक्षा चपळ असतो म्हणून आपण फसतो, असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. गायब होणाऱ्या चेंडूचा खेळ बघा. चेंडू दोनदा खरोखर वर उडवून झेलायचा, दोन्ही वेळा नजरेने त्याचा पाठलाग करायचा. तिसऱ्यांदा हात त्याच गतीने वर न्यायचा, चेंडू तळव्यात दाबून ठेवायचा, आणि मान मात्र 'चेंडूबरोबर' वर. हात जरा जरी घाईत गेला की खेळ फसतो. अंगठा ताठ राहिला तरी फसतो, कारण मोकळा हात तसा दिसत नाही.

गुस्टाव कून आणि मायकल लँड या संशोधकांनी २००६ मध्ये हेच तपासलं. जादूगाराने नजर वर नेली तेव्हा ६८ टक्के लोकांना चेंडू वर गेलेला 'दिसला'. नजर हातावर ठेवली तेव्हा ३२ टक्क्यांनाच. आणि सगळ्यात विलक्षण भाग पुढे आहे: ज्यांनी चेंडू वर जाताना पाहिल्याचं सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांचे डोळे तिथवर गेलेच नव्हते. ते वाटेत जादूगाराच्या चेहऱ्यावर थांबत होते. उरलेलं चित्र अपेक्षेने भरलं.

करून बघणार असाल तर त्याच प्रेक्षकांसमोर लगेच पुन्हा करू नका. दुसऱ्या खेपेला लोक चेहरा सोडून थेट हातावर डोळे रोखतात.