मरीन ड्राइव्हच्या इमारती पाडायला निघालेल्यांना

ओव्हलप्रेमी:
काल इथे एकाने लिहिलं, "मरीन ड्राइव्हवरची ती पाचमजली जुनाट खोकी पाडा आणि टॉवर बांधा, मुंबईला घरं हवीत." वाचून डोकं फिरलं. 1930-40 च्या दशकांत बॅकबेचा समुद्र बुजवून केलेल्या भरणीवर आर्ट डेको शैलीतली (गोलसर कोपरे, साध्या सरळ रेषा) ही रांग उभी राहिली. इमारतींची उंची जवळपास सारखी, म्हणून तर ते वळण डोळ्यांत भरतं. यातल्याच सूना महाल इमारतीचा (1937) कोपरा एकदा थांबून बघा. ओव्हल मैदानाच्या एका अंगाला टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती, समोर आर्ट डेको, असं जगात दुसरीकडे दाखवा. 2018 मध्ये युनेस्कोने या सगळ्याला उगाच जागतिक वारसा यादीत घेतलं का? आणि परळच्या गिरण्यांच्या जागी टॉवरच झाले ना? त्यातली किती घरं गिरणी कामगाराला परवडली?

पागडीवाला:
युनेस्को स्लॅब धरायला येणार आहे का? खाऱ्या वाऱ्याने सळया गंजून फुगतात, काँक्रीट फोडून बाहेर येतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या खिडकीवरचा छज्जा खालच्या स्कूटरवर पडला. माणूस असता तर? मालक म्हणतो, "भाडं किती देता ते आठवा."

मालकाची सून:
बरोबर म्हणतो. 1947 च्या कायद्याने भाडं 1940 च्या आकड्याला बांधून टाकलं. 1999 च्या कायद्यात वाढ मिळाली, ती वर्षाला 4 टक्के. आमच्याकडे एका मजल्याच्या भाड्यात वॉचमनचा पगार निघत नाही. परांची कशातून बांधू?

पागडीवाला:
वहिनी, जागा भाड्याने देताना एकरकमी पागडी कोणी घेतली? माझ्या आजोबांनी आजीच्या पाटल्या मोडून दिली, पावतीसुद्धा मिळाली नाही. जागा दुसऱ्याच्या नावावर करताना पुन्हा तिसरा हिस्सा मालकालाच!

मालकाची सून:
आणि आम्हाला चिल्लर देऊन पोटभाडेकरूंकडून बाजारभाव वसूल करणारे? आमच्याच इमारतीत आहेत.

पागडीवाला:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी तिथेच जन्मलो, तिथेच राहतो.

ओव्हलप्रेमी:
अहो, धागा इमारतींचा आहे!

मालकाची सून:
मग इमारत कोणाच्या पैशावर उभी आहे? घरपट्टी तुम्ही भरता का? समुद्रावर फिरायला येऊन फोटो काढणाऱ्यांनी आम्हाला वारसा शिकवू नये.

दुरुस्तीवाला:
मी अशा इमारतींची कामं घेतो. सळई उघडी करून घासायची, गंजरोधक लेप द्यायचा, खाल्लेली असेल तर जोड सळई टाकायची, मग नवा माल भरायचा. वेळेत केलं तर इमारत वाचते. पण चेहरा कोण बिघडवतं? रहिवासीच. गॅलरीला ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग लावतात, लाटांच्या नक्षीची जुनी जाळी भंगारात घालतात.

पागडीवाला:
गॅलरी मीही बंद केली. मुलीला अभ्यासाला कोपरा नव्हता. पण टॉवर नकोच, एवढं ओव्हलप्रेमींचं मानतो. आधी दुरुस्तीचा पैसा कुठून येणार ते सांगा, मग कौतुक करा.

ओव्हलप्रेमी:
भाडं वाढायला हवं, हे नाइलाजाने मान्य. पण वाढीव रक्कम दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जावी. मालकाच्या खिशात नाही.

मालकाची सून:
खातं उद्या उघडते. पोटभाडेकरूंकडून येणारे पैसेही त्यातच जमा होऊ देत.