कुंडीतल्या रंगवलेल्या गोट्यांचा रंग पहिल्याच पावसात उतरला

कुंडीवाली, कराड
नमस्कार मंडळी. मे महिन्यात मी आणि माझा आठ वर्षांचा मुलगा प्रीतिसंगमावरून पिशवीभर गोटे घेऊन आलो, सासूबाईंच्या कुंड्यांसाठी. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. मिरची, वांगं आणि टोमॅटोची रोपं लहान असताना त्यांना वेगवेगळी ओळखू येत नाहीत, आणि सारखं मला विचारणं त्यांना आवडत नाही. म्हणून प्रत्येक कुंडीत त्या त्या भाजीचं चित्र काढलेला गोटा ठेवायचं ठरलं.

मुलाच्या शाळेचे पोस्टर कलर वापरले, वरून बिनरंगाचं नेलपॉलिश लावलं. पहिला पाऊस पडला आणि मिरचीचा लाल रंग ओघळून फरशीवर आला. नेलपॉलिशचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघाला. मुलगा खूप हिरमुसला. पण त्याने देवघरातला शेंदूर तेलात कालवून एक मारुतीही केला होता, तो मात्र जसाच्या तसा आहे. "आई, मारुतीचा रंग का नाही गेला?" असं तो विचारतोय. कुणी नीट सांगाल का?

खारा वारा, रत्नागिरी
ताई, आमच्याकडे उलटाच त्रास. समुद्राच्या दगडात मीठ मुरलेलं असतं, ते रंगाखाली फुलतं आणि रंग उचलतं. मी चार-पाच दिवस गोड्या पाण्यात भिजत ठेवते, पाणी रोज बदलते. तुमचे गोटे नदीचे, म्हणजे तो प्रश्न नाही. जांभ्याचे तुकडे मात्र घेऊ नका, फार पाणी पितात.

निवृत्त चित्रकला शिक्षक, वाई
तुमच्या मुलाने फार चांगला प्रश्न विचारलाय, आधी त्याचंच उत्तर देतो. पोस्टर कलरमधली भुकटी डिंकासारख्या चिकट पदार्थाने धरलेली असते आणि तो पाण्यात विरघळतो. नेलपॉलिशच्या कडेने पाणी आत शिरलं की खालचा रंग सुटतो. शेंदूर तेलात कालवलेला, त्याला पाणी विरघळवू शकत नाही. म्हणून तर वेशीवरचा म्हसोबा उघड्यावर बसूनही केशरी राहतो.

पण शेंदूर मुलाच्या हाती देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शिसं पोटात जाणं मुलांना फार घातक. तो मारुती पुसत बसू नका, देवघरात उंचावर ठेवा आणि मुलाचे हात साबणाने धुवा.

आता गोटे. कृष्णेचा गोटा म्हणजे आपला काळा बेसाल्ट, झिजून इतका गुळगुळीत झालेला की रंगाला धरायला जागाच नसते. जुना रंग खरवडून काढा, गोटे भांड्याच्या साबणाने घासा आणि दोन दिवस पंख्याखाली वाळवा. घाईने गॅसवर तापवू नका, आत पाणी असेल तर दगड फुटून उडतो. मग पॉलिश पेपर फिरवा. पुन्हा पुसून पांढऱ्या अॅक्रिलिकचे दोन पातळ हात द्या. काळ्या दगडावर थेट पिवळा लावला तर तो मळकट हिरवा दिसतो, लालही दबतो.

चित्रही अॅक्रिलिकनेच काढा. त्यातलं पाणी उडून गेलं की प्लॅस्टिकसारखा पडदा तयार होतो, तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. वर व्हार्निशचे दोन पातळ हात. पण ते काम उघडीप बघूनच करा, दमट हवेत व्हार्निशवर दुधाळ झाक येते. गोटा मातीत पुरू नका, खाली खापरीचा तुकडा ठेवा.

सासूबाईंसाठी एक सुचवतो. बारीक चित्र नको. पांढऱ्या गोट्यावर एकच मोठी लाल मिरची, तिच्याभोवती जाड काळी रेघ. ती रेघ कापडावर वापरतात त्या थ्री-डी आउटलाइनरने काढा. वाळली की उंच उठते, बोट फिरवलं की कळते. हवं तर मिरचीला एक ठिपका, वांग्याला दोन, टोमॅटोला तीन.

कुंडीवाली, कराड
सर, ठिपक्यांचं डोक्यातच आलं नव्हतं! शेंदराचंही माहीत नव्हतं. मारुती आता वरच्या फळीवर आहे. एक विचारते, ठिपके कशाने देऊ? ब्रशने एकसारखे येत नाहीत.

निवृत्त चित्रकला शिक्षक, वाई
ब्रशची मागची बाजू रंगात बुडवून टेकवा, दर ठिपक्याला नव्याने बुडवा. वाळले की त्यावरच पुन्हा एक थेंब द्या, म्हणजे बोटाला लागतील. मुलाला करू द्या, त्याचा हात बसेल.

कुंडीवाली, कराड
तीन आठवड्यांनी लिहितेय. मधे दोन दिवस ऊन पडलं तेव्हा व्हार्निश उरकलं. त्यानंतर चांगला धो धो पाऊस झाला, रंग जागचा हललेला नाही. काल सकाळी सासूबाई एकट्याच गॅलरीत होत्या. गोट्यावरून अंगठा फिरवला आणि आतल्या खोलीत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "दोन ठिपके. वांग्याला फूल आलंय गं."

मुलगा आता कढीपत्त्यासाठी चार ठिपक्यांचा गोटा करतोय.