'व्हिक्टिमायझेशन रेट'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादक, धरमपेठ
देशभरातील कुटुंबांच्या मुलाखतींवरून एखाद्या जिल्ह्यातील लोकांच्या वाट्याला किती गुन्हे आले असतील, हे कसे काढावे, यावरील एक अमेरिकी टिपण मी एका संस्थेसाठी मराठीत आणत आहे. त्यातल्या 'व्हिक्टिमायझेशन रेट'साठी, म्हणजे ठरावीक लोकसंख्येमागे लोकांनी किती गुन्हे सोसले त्या दरासाठी, मी 'बळींचे प्रमाण' असे लिहिले होते. संपादकांनी त्याचे 'गुन्ह्यांचा दर' केले. पण 'गुन्ह्यांचा दर' म्हटले की वाचकाला राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे, म्हणजे पोलिसांच्या दप्तरातले आकडे आठवतात, आणि पोलिसांपर्यंत न पोहोचलेले गुन्हेही कळावेत म्हणूनच तर अशी पाहणी करतात. कोणता शब्द योग्य ठरेल?

निवृत्त अध्यापिका, महाल
संपादकांचा शब्द चुकीचा आहे, हे मान्य; परंतु 'बळी'ही नको. 'डेंग्यूचे तीन बळी' असे वाचल्यावर माणसे दगावली, असाच अर्थ आपण घेतो. 'पीडित' सुचवावा, तर वृत्तपत्रांनी 'पीडिता' हा शब्द लैंगिक अत्याचाराच्या बातम्यांशी इतका घट्ट बांधला आहे की सायकल चोरीला गेलेल्या माणसाला कोणी पीडित म्हणणार नाही. गोसीखुर्द धरणामुळे 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द विदर्भात घरोघरी पोहोचला आहे. त्याच धर्तीवर 'गुन्हेग्रस्त' का नको?

वाचक, वर्धा
'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. ग्रहणातला चंद्र ग्रस्त असतो. धरणाने गाव गिळले, तेथे तो शब्द शोभतो. खिसा कापला गेला, तेथे नाही. मी 'गुन्हेबाधित' म्हणेन. 'बळी'बाबत मात्र ताईंशी मी असहमत आहे. 'बळी तो कान पिळी' यात बळी म्हणजे बलवान. मरणाचा अर्थ मुळातला नाही.

निवृत्त अध्यापिका, महाल
ते दोन वेगळे शब्द आहेत. म्हणीतला 'बळी' संस्कृत 'बलिन्'वरून आला. देवापुढे दिला जाणारा तो 'बलि', आणि बळीराजाचे नावही या दुसऱ्याच शब्दाशी जुळते. शिवाय 'बाधित' म्हटले की आमच्या पिढीला बाहेरची बाधा आठवते.

संख्याशास्त्राचे प्राध्यापक
सर्वांची क्षमा मागून सांगतो की बळी, पीडित, ग्रस्त, बाधित हे चारही शब्द माणसाला लागतात, आणि हा दर माणसे मोजतच नाही. अमेरिकेच्या पाहणीत 12 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींना, दर सहा महिन्यांनी, एकूण सात वेळा विचारले जाते, आणि दर 1,000 व्यक्तींमागे असे किती प्रसंग घडले ते काढले जाते. एकाच माणसाला दोनदा लुटले तर ते दोनदा मोजले जाते. घरफोडी दर 1,000 कुटुंबांमागे मोजतात. किमान एकदा गुन्हा सोसलेल्या माणसांचे प्रमाण ही वेगळी संज्ञा आहे, आणि 'बाधितांचे प्रमाण' हे शब्द तिच्यासाठी राखून ठेवावे लागतील. खून या पाहणीत येतच नाही, कारण उत्तर द्यायला माणूस हयात असावा लागतो. म्हणून 'बळी' तर मुळीच बसत नाही. मी 'गुन्हे-अनुभव दर' सुचवतो.

न्यायालयातील माजी लिपिक, सीताबर्डी
'अनुभव' फार सौम्य वाटतो. आमच्याकडच्या पोलीस कागदांत 'फिर्यादीच्या तोंडी रिपोर्टवरून' अशी सुरुवात असते, आणि ज्याचे नुकसान झाले तो नेहमी फिर्यादी असतोच असे नाही. रिपोर्ट न देणारा तर कोणत्याच कागदावर येत नाही. लोक म्हणतात, 'झळ बसली.' मग 'गुन्ह्यांची झळ : दर हजारी' असे का लिहू नये?

वाचक, वर्धा
परिभाषा बोलीतून उचलायची नसते. कोशकार डॉ. रघुवीरांनी याच नागपुरात बसून संस्कृत धातूंवरून शब्द घडवले, ते उगीच नव्हे. दराआधीचा शब्दही पाहा : 'एस्टिमेट'ला 'अंदाज' नको, 'आकलन' हवे. आपल्याकडे 'अंदाज' म्हणजे नजरअंदाज.

न्यायालयातील माजी लिपिक, सीताबर्डी
रघुवीरांचे किती शब्द लोकांच्या तोंडी राहिले? आणि 'आकलन' म्हणजे समजणे. 'मला कविता आकलन झाली' असे आपण म्हणतो. पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, घ्या. नजरअंदाज पैसेवारी असते, तशी पीक कापणी प्रयोगांवर आधारलेली अंतिम पैसेवारीही असते. तोही अंदाजच, आणि त्यावर शेतकऱ्यांच्या सवलती ठरतात.

संख्याशास्त्राचे प्राध्यापक
पैसेवारीचा दाखला उपयोगी आहे, पण येथे एक फरक आहे. राष्ट्रीय पाहणीतून एका जिल्ह्याच्या वाट्याला इतकी थोडी कुटुंबे येतात की केवळ त्यांच्यावरून काढलेला आकडा डळमळीत असतो. म्हणून तशाच लोकवस्तीच्या इतर जिल्ह्यांची माहिती, जनगणना आणि पोलिसांच्या नोंदी यांचा आधार घेऊन दुसरा आकडा काढतात आणि दोहोंना त्यांच्या भरवशाप्रमाणे वजन देऊन एकत्र करतात. फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलेली रीत हीच आहे. आपल्या 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पतीकडून होणाऱ्या हिंसेचे प्रश्न थोड्याच घरांत विचारले गेले, त्यामुळे महाराष्ट्राचा आकडा आहे, नागपूर जिल्ह्याचा नाही. तो कोणी या रीतीने काढलाच, तर राज्याचा टक्का जिल्ह्याला तसाच चिकटवलेला नाही, हे शब्दातून कळले पाहिजे. 'अंदाज' लिहा किंवा 'आकलन', शेजारी त्रुटीची मर्यादा, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, छापा.

अनुवादक, धरमपेठ
सर, मर्यादा छापीन. पण मूळ दराला कोणता शब्द द्यावा, हे अजून ठरलेले नाही. 'प्रसंग' मोजायचे असतील तर 'गुन्हेप्रसंग दर' चालेल का?

निवृत्त अध्यापिका, महाल
त्यात सोसणारा माणूस दिसत नाही. आणि 'त्रुटी' म्हणजे दोष. वाचक म्हणेल की यांनीच आपली चूक छापली. तेथे 'फरकाची मर्यादा' लिहावे.

वाचक, वर्धा
'फरक' अरबी आहे. 'अंतर' लिहा.