लहान मेंदूचा कार्यात्मक नकाशा कसा वाचावा?
लहान मेंदू केवळ तोल आणि हालचाली सांभाळतो, असे म्हटले जाते. ते अपुरे वाटते. बकनर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2011 साली, स्वस्थ पडून राहिलेल्या 1,000 व्यक्तींच्या एफएमआरआय (रक्तप्रवाहातील बदलांवरून मेंदूची सक्रियता टिपणारे चित्रण) नोंदींवरून, मोठ्या मेंदूच्या कोणत्या जाळ्याशी (एकत्र काम करणाऱ्या भागांच्या समूहाशी) लहान मेंदूचा कोणता भाग जोडलेला आहे याचा नकाशा तयार केला, तेव्हा त्यातला बहुतांश भाग विचार, स्मृती, लक्ष अशा कामांच्या जाळ्यांशी निगडित दिसला. ही जोडणी विरुद्ध बाजूची असते आणि बहुतेकांमध्ये भाषेचे काम मोठ्या मेंदूची डावी बाजू करते, म्हणून भाषेचे काम करताना बहुतेकांच्या लहान मेंदूचा उजवा अर्धगोल चित्रात उजळतो. मला मात्र किंग, डिड्रिक्सन प्रभृतींचा 2019 चा अभ्यास अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यांनी आपल्या अभ्यासातील प्रत्येक व्यक्तीला अनेक प्रकारची कामे देऊन पाहिले आणि कार्याच्या सीमा शरीररचनेतील खंडांच्या सीमांशी जुळत नाहीत असे दाखवले. अमुक खंड म्हणजे अमुक काम, असे लिहिणे त्यामुळे टाळावे.

चित्र वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: लहान मेंदूत एफएमआरआयचा संकेत मुख्यतः मॉसी तंतूंवाटे (बाहेरून संदेश आणणाऱ्या चेतातंतूंवाटे) आत येणाऱ्या संदेशांमुळे वाढतो, आणि बाहेर जाणारे संदेश देणाऱ्या पर्किंजे पेशींची सक्रियता त्यात फारशी उमटत नाही.