ऑल व्हील ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या चाकाकडून येणारा कटकट आवाज

प्रश्न: नमस्कार. माझ्या २००९ सालच्या ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाडीत, स्टिअरिंग पूर्ण वळवून पार्किंगमधून निघताना, पुढच्या डाव्या बाजूने कटकट आवाज येतो आणि सरळ रस्त्यावर वेगाबरोबर गुणगुण वाढते. मेकॅनिक पुढच्या चाकांची दोन्ही बेअरिंग बदलायला सांगतात. त्याआधी काय तपासावे?

उत्तर १: मला हे दोन वेगळे दोष वाटतात. वळणावरची कटकट बहुधा बाहेरच्या सीव्ही जॉइंटची (वळलेल्या चाकापर्यंत इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या सांध्याची) असते, म्हणून चाक वळवून त्यावरचा रबरी बूट (आवरण) फाटला आहे का आणि रिमच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडाले आहे का, हे कृपया पाहा. डावे बेअरिंग गेले असेल, तर मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे घेतल्यावर, भार डावीकडे गेल्यामुळे, गुणगुण सहसा वाढते.

उत्तर २: सहमत आहे, मात्र टायर विसरू नका. असमान झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा गुणगुणतो. शिवाय दोन टायर नवे आणि दोन जुने असले, तर घेरातील फरकाने पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधील कपलिंगवर (दोन्हीकडे ताकद पोहोचवणाऱ्या जोडावर) सतत ताण येतो.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. बूट फाटलेलाच निघाला आणि रिमवर ग्रीसचा पट्टा आहे. आता पुढचे टायर मागे घालून गुणगुण जागा बदलते का, ते पाहतो.