मदत हवी आहे: ‘बेस्ट ऑफ’ घ्यावी की अख्खा अल्बम? शनिवारपर्यंत ठरवायचंय

नौपाडा_मृण्मयी · बुधवार, रात्री १०:१२
रॉक ऐकणाऱ्यांनी कृपया सांगा. भेट द्यायची आहे आणि एकच घेता येईल. बेस्ट ऑफ घेतली तर सगळी गाजलेली गाणी एकात मिळतात. अल्बम घेतला आणि त्यात दोन गाणी चांगली, बाकीची भरती, असं व्हायला नको. दुकानात आगाऊ पैसे भरून आलेय, शनिवारी सकाळी उचलायची आहे. घरात कुणाला विचारलं तर भेटीचं गुपित फुटेल. लवकर सांगा.

कॅसेटचा_जमाना · रात्री १०:२०
कुठला बँड? सीडी की रेकॉर्ड? कुणासाठी? पैसे नक्की कशावर भरलेत? यातलं काहीच लिहिलेलं नाही. सीसीआर (क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल) असेल तर माझं उत्तर एक, पिंक फ्लॉइड असेल तर बरोबर उलटं.

कोलशेत_४० · रात्री १०:३१
बँड कुठलाही असो, अल्बमच घ्या. बेस्ट ऑफ कंपनी काढते, अल्बम बँड काढतो. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) हृदयाच्या ठोक्याने सुरू होतो आणि ठोक्यानेच संपतो, मधली गाणी एकमेकांत मिसळलेली. त्यातून एक गाणं उचललं की कडेचे धागे लोंबतात. फ्लॉइडच्याच २००१च्या संकलनात २३ मिनिटांचं ‘एकोज’ कापून साडेसोळा मिनिटांवर आणलंय. ज्या गाण्याचं नाव संकलनाला दिलं, त्यालाच कात्री! एसी/डीसीने तर रूढ अर्थाने ग्रेटेस्ट हिट्स आजवर काढलंच नाही, ते उगाच नाही.

वाशी_१७ · रात्री १०:४४
कोलशेत, हे फ्लॉइडपुरतं खरं आहे, सगळ्यांना लावू नका. बीटल्सचं ‘हे जूड’ (१९६८) त्यांच्या कुठल्याच स्टुडिओ अल्बममध्ये नाही. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ आणि ‘पेनी लेन’ १९६७ला सिंगल म्हणून सुटी आली आणि ‘सार्जंट पेपर’ अल्बममधून बाहेर ठेवली गेली. १९७३चं ते निळ्या कव्हरचं संकलन नसतं, तर आम्हाला ही गाणी मिळाली असती कुठून? सीसीआरचं ‘क्रॉनिकल’ (१९७६) घ्या, वीस गाणी, एकही पुढे ढकलावंसं वाटत नाही. आमच्या पिढीला कॉलेजात दर महिन्याला एक कॅसेट परवडायची. संकलनांनीच आम्हाला ही दुनिया दाखवली, त्यांना कमी लेखलेलं मला आवडत नाही.

कोलशेत_४० · रात्री १०:५०
कमी लेखत नाही. दार म्हणून ठीक आहे. पण माणूस दारातच बसून राहतो, हे माझं दुखणं आहे.

शमा_कोपरी · रात्री ११:०५
मला रॉक कळत नाही, तरी बोलते. गीतरामायणात ५६ गीतं. १९५५पासून वर्षभर दर आठवड्याला पुणे आकाशवाणीवर एकेक नवीन लागायचं. त्यातली ‘निवडक दहा’ अशी कॅसेट आमच्याकडे होती, तिच्यात राम वनवासाला निघतो आणि पुढच्याच गाण्यात राज्य करतो. आई ती लावायचीच नाही. म्हणायची, मधला रस्ता कुठे गेला?

तबकडी_आणि_सुई · रात्री ११:२८
रेकॉर्ड घेणार असाल तर कव्हरच्या मागे छापलेली मिनिटं आधी मोजा. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सुखाने बसतात. त्याहून जास्त कोंबली की खाचा चिकटून काढाव्या लागतात, आवाज दबतो, आणि आधी खर्ज जातो. क्वीनचं १९८१चं ग्रेटेस्ट हिट्स ब्रिटनमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम आहे, पण त्या मूळ आवृत्तीत सतरा गाणी एकाच रेकॉर्डवर होती, म्हणजे बाजूला जवळपास २९ मिनिटं. पुढे तीच दोन रेकॉर्डांवर पसरून काढली, तेव्हा गाण्यांना श्वास मिळाला. प्लेअर कुठला आहे? सुई कुठली? सुई हलक्या प्रतीची असेल तर दोन्ही प्रकार वाया. स्पीकरचंही लिहा.

नौपाडा_मृण्मयी · गुरुवार, सकाळी ७:५०
रात्रीत एवढं वाचलं आणि होते त्याहून जास्त गोंधळले. सगळं सांगते. ईगल्स. रेकॉर्ड. मामासाठी. रविवारी वाशीला त्याची साठी आहे. त्याच्या मुलीने त्याला रेकॉर्ड प्लेअर घेऊन दिलाय, पण घरात रेकॉर्ड एकही नाही, पहिली मी देणार. ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१–१९७५’ वर पैसे भरलेत. मामा दर कोजागिरीला गच्चीवर गिटार घेऊन ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ म्हणतो, सातव्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून. आम्हा सगळ्या भाच्यांना ते तोंडपाठ आहे. प्लेअरवर पहिलं तेच वाजायला हवं. दुकानदार म्हणाला, यात सगळी गाजलेली आहेत. स्पीकर मामाचे आहेत, मला माहीत नाहीत.

कॅसेटचा_जमाना · सकाळी ८:०२
थांबा!! त्या रेकॉर्डवर ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नाही.
नावातलं साल वाचा. ते संकलन फेब्रुवारी १९७६ला आलं. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हा अल्बम आला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. संकलन छापलं तेव्हा हे गाणं बाजारात आलेलंच नव्हतं. त्यावर दहा गाणी आहेत, ‘टेक इट ईझी’पासून ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’पर्यंत. गोड आहेत, कंट्रीच्या अंगाने जाणारी. पण तुमच्या मामाचं त्यात नाही.

नौपाडा_मृण्मयी · सकाळी ८:०६
काय?? दुकानदाराला दोनदा विचारलं होतं मी. नाव घेऊन विचारलं होतं.

वाशी_१७ · सकाळी ८:१५
ही चूक पुष्कळांची होते. अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने २०१८ला याच संकलनाला ३ कोटी ८० लाख प्रतींचं प्रमाणपत्र दिलं, मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्याही वर. एवढं खपलेलं, वर ग्रेटेस्ट हिट्स लिहिलेलं, म्हटल्यावर ते गाणं असणारच असं कुणालाही वाटेल. तरीही मी म्हणेन की संकलन हातचं सोडू नका. ‘डेस्परॅडो’, ‘टकीला सनराइज’ साठीच्या माणसाला आवडतील.

कोलशेत_४० · सकाळी ८:२१
आवडतील, पण विचारलंय काय? पहिलं काय वाजायला हवं, हे त्यांनी स्वच्छ लिहिलंय. आणि दोन्हींत बँडसुद्धा वेगळा ऐकू येतो. संकलनाच्या काळात बर्नी लेडन होता, बँजो आणि मँडोलिन वाजवणारा. तो गेला आणि जो वॉल्श आला. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटी दोन गिटार एकमेकांना उत्तर देत जातात ना, तो वॉल्श आणि डॉन फेल्डर. चालही मुळात फेल्डरची. ते गाणं संकलनात शोधून सापडणार नाही, तसा तो आवाजही सापडणार नाही.

नेरूळ_पूर्व · सकाळी ९:१०
विषय अल्बमचा आहे म्हणून लिहितो. १५ डिसेंबर २०१९ला आयरिश बँड यूटू आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आले आणि ‘द जोशुआ ट्री’ (१९८७) अख्खा, अल्बमच्याच क्रमाने वाजवला. पहिली तीन गाणी जगाला पाठ. ती झाली तशी माझ्या पुढच्या रांगेतली चार मुलं पाणी आणायला उठली. मीही ‘बेस्ट ऑफ’वालाच होतो, दुसऱ्या बाजूची गाणी मला नावानेसुद्धा माहीत नव्हती. शेवटी ‘मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड’ लागलं, ज्या आयांची मुलं गायब केली गेली त्यांच्यावरचं, आणि माझ्या हातातला फोन आपोआप खाली आला. तिथून स्टेशनपर्यंत चालत गेलो, बायकोशी एक शब्द बोललो नाही. तो अल्बम मी त्यानंतर घेतला.

तबकडी_आणि_सुई · सकाळी ९:३०
प्लेअरला बेल्ट आहे की थेट मोटर, तेवढं सांगा म्हणजे स्पीकरचं सुचवता येईल.

कॅसेटचा_जमाना · सकाळी ९:४१
अहो सुई, त्यांनी स्पीकर विचारलेलेच नाहीत.
मृण्मयी, एक काम करा. मामाने हे गाणं मुळात कशावर ऐकलं, ते शोधा. त्याच्या वयाच्या माणसाच्या डोक्यात एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं. ते पुढचं कुठलं, त्यावरून कळेल की त्याचं संकलन होतं की अल्बम. संकलन असेल तर त्याच्यासाठी तोच अल्बम, तिथे कोलशेत काय म्हणतो ते ऐकू नका.

नौपाडा_मृण्मयी · शुक्रवार, रात्री ९:३५
मामीला विश्वासात घेतलं. तिने कपाटावरची बॅग उतरवून फोटो पाठवला. सोनीची ९० मिनिटांची कोरी कॅसेट, मित्राकडे रेकॉर्ड करून आणलेली. पट्टीवर मामाचं कॉलेजातलं अक्षर, निळं बॉलपेन. ए बाजूला नऊ गाणी, अनुक्रमांक घालून. पहिलं हॉटेल कॅलिफोर्निया, दुसरं न्यू किड इन टाउन, शेवटचं द लास्ट रिसॉर्ट.

आता जे सुरुवातीला लिहिलं नाही ते लिहिते. मी सहा वर्षांची असताना ती कॅसेट टेपमधून काढली आणि बोटाने फीत ओढत गेले. आजीच्या खोलीभर फीत झाली होती. मामा ओरडला नाही. रात्री खाली बसून पेन्सिल घालून सगळी गुंडाळली, जिथे तुटली होती तिथे सेलोटेपने जोडली. पण शेवटाकडची फीत चुरगळली ती चुरगळलीच. मामी म्हणाली, शेवटचं गाणं त्यानंतर कधी नीट लागलं नाही, अर्ध्यात घोगरं होऊन बुडायचं, आणि तो तिथे बंद करायचा. मला हे ठाऊकच नव्हतं.

कोलशेत_४० · रात्री ९:४८
नऊच्या नऊ, त्याच क्रमाने. हा पूर्ण अल्बम आहे. साडेत्रेचाळीस मिनिटांच्या आतबाहेर, ९०च्या कॅसेटच्या एका बाजूला बरोबर बसतो. त्या काळी सगळे असेच भरायचे.

आणि एक सांगतो. ‘वेस्टेड टाइम’ हे चौथं गाणं, रेकॉर्डची पहिली बाजू तिथे संपते. उठायचं, पलटायची, सुई ठेवायची, आणि दुसरी बाजू त्याच गाण्याच्या व्हायोलिनच्या सुरांनी उघडते, दीडेक मिनिट, शब्द नाहीत. कॅसेटवर ही दोन्ही सलग वाजतात, मधला थांबा हरवतो. मामाने ते इतक्या वर्षांत असं ऐकलेलं नसणार. तुम्ही तिथे असाल तर बघा.

वाशी_१७ · रात्री १०:०२
माझी हरकत मागे. अल्बमच घ्या. ‘द लास्ट रिसॉर्ट’ सात मिनिटांच्या वर आहे, घाईने केक कापायला लावू नका.

शमा_कोपरी · रात्री १०:१५
मृण्मयी, कॅसेटची ती पट्टी जपून ठेवायला सांग मामीला. अक्षर आहे ते.

नौपाडा_मृण्मयी · सोमवार, दुपारी १:२०
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिली. मामाने कव्हर हातात घेऊन आधी उलटं करून मागची यादी वाचली, बोट ठेवत, नऊपर्यंत. पहिल्या बाजूला तो पाहुण्यांशी बोलत होता, मध्येच गुणगुणत होता. बाजू संपली. मी उठायला लागले तर म्हणाला, थांब, मी करतो. पलटली, सुई ठेवली, व्हायोलिन सुरू झाली आणि तो प्लेअरपाशीच उभा राहिला. “अरे, हे इथून सुरू होतं होय,” एवढंच म्हणाला. लास्ट रिसॉर्टला मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. जिथे आवाज बुडायचा तिथे त्याने माझ्याकडे पाहिलं. गाणं पुढे गेलं.

तबकडी_आणि_सुई · दुपारी २:०५
वाचून फार बरं वाटलं. आगाऊ पैशांचं काय झालं? दुकानदाराने परत दिले का?

नौपाडा_मृण्मयी · दुपारी २:३०
परत देत नव्हता. फरकाचे साडेचारशे भरून त्याच्याकडूनच बदलून घेतली. आणि मामाच्या प्लेअरला बेल्ट आहे, काल बघितलं.